जीपचं इंजिन आणि झिजेचा हिशेब

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

जीप म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काही ठरावीक चित्रं उभी राहतात. टपावर कर्णा बांधून निवडणुकीच्या प्रचाराला निघालेली जीप. तहसीलदारांची किंवा फौजदारांची जीप. आत माणसं कोंबलेली, मागच्या फळीवर आणखी दोघं उभे, अशी बाजाराच्या गावाला निघालेली वडाप. या गाडीवर आजवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मला आज तिच्या बॉनेटखालच्या इंजिनाबद्दल बोलायचं आहे. या इंजिनाचं एक वैशिष्ट्य असं की ते घराच्या अंगणात खाली उतरवता येतं, सगळं सुटं करता येतं आणि पुन्हा बांधता येतं. हे असं का जमतं, याला एक इतिहास आहे आणि तो अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या टोलेडो या शहरात सुरू होतो.

टोलेडोमध्ये विलिज-ओव्हरलँड नावाची मोटार कंपनी होती. १९२०च्या दशकात तिने ‘व्हिपेट’ नावाची स्वस्त मोटार काढली. तिच्यातलं चार सिलिंडरचं इंजिन साधंच होतं. पुढे जागतिक मंदी आली आणि १९३३ मध्ये कंपनीचा कारभार न्यायालयाने नेमलेल्या प्रशासकाकडे गेला. त्या पडत्या काळातही तेच जुनं इंजिन ४८ अश्वशक्ती देत छोट्या मोटारींमध्ये चालत राहिलं. १९३८ मध्ये डेल्मर रूस नावाचे अभियंते मुख्य अभियंता म्हणून तिथे आले. सगळे त्यांना बार्नी रूस म्हणत. नवं इंजिन उभारण्याइतका पैसा कंपनीकडे नव्हता. तेव्हा रूस यांनी जुन्यालाच हात घातला. सुट्या भागांची मापं अधिक काटेकोर केली, बेअरिंगं सुधारली, पिस्टन हलके केले, हवा आत येण्याची आणि धूर बाहेर जाण्याची वाट मोकळी केली. ठोकळा तोच राहिला. बोअर सव्वातीन इंचांहूनही कमी, म्हणजे ३ पूर्णांक १/८ इंच. स्ट्रोक ४ पूर्णांक ३/८ इंच. आकारमान सुमारे २,२०० सीसी. तरीही ४८ची अश्वशक्ती ६० झाली. म्हणजे हे प्रसिद्ध इंजिनच मुळात जुन्याची डागडुजी करून तयार झालं होतं. पुढे त्याला ‘गो-डेव्हिल’ असं नाव पडलं.

जुलै १९४०. युरोपात युद्ध पेटलेलं. अमेरिकन सैन्याने एका हलक्या, चारही चाकांना जोर देणाऱ्या टेहळणीच्या गाडीसाठी १३५ कंपन्यांना विचारणा केली. नमुना द्यायचा होता ४९ दिवसांत. मुदतीत नमुना दिला तो बँटम नावाच्या छोट्या कंपनीने, २३ सप्टेंबर १९४० रोजी. त्यानंतर विलिज आणि फोर्ड यांनीही आपापल्या गाड्या आणल्या. बँटमचं आणि फोर्डचं इंजिन ४५ अश्वशक्तीच्या आसपासचं होतं. विलिजचं ६०चं. चिखलात आणि चढावर हा फरक लगेच कळला. मात्र विलिजची गाडी वजनात बसत नव्हती. सैन्याने मर्यादा घातली होती २,१६० पौंडांची. रूस यांच्यापुढे हलकं इंजिन घालण्याचा मार्ग होता. तो त्यांनी नाकारला. नटाबाहेर येणारी बोल्टांची टोकं कापली, पत्रे पातळ केले, रंगाच्या थराचंसुद्धा वजन धरलं. पण इंजिनाला हात लावला नाही. १९४१ मध्ये मोठी मागणी विलिजलाच मिळाली, आणि पुढे फोर्डनेही विलिजच्याच आराखड्यावर जीप बनवल्या. युद्ध संपेपर्यंत या दोन कारखान्यांतून सहा लाखांहून अधिक जीप बाहेर पडल्या.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. सहा लाख गाड्या म्हणजे सहा लाख इंजिनं. ती वाळवंटात, बर्फात, ब्रह्मदेशच्या चिखलात चालणार. ती झिजणार, हे सैन्याला ठाऊक होतं. म्हणून दुरुस्तीच्या पाच पायऱ्या आखल्या होत्या. पहिल्या पायरीवर गाडी चालवणारा शिपाई. त्याने तेल-पाणी पाहायचं, सैल बोल्ट आवळायचे. मधल्या पायऱ्यांवर तुकडीचे आणि पाठीमागच्या तळांवरचे मिस्त्री. इंजिन पूर्ण खोलून नव्यासारखं करायचं ते शेवटच्या पायऱ्यांवर, मोठ्या कार्यशाळांमध्ये. प्रत्येक पायरीसाठी छापील पुस्तकं होती. १९४४ सालच्या या पुस्तिकांत कुठला नट किती आवळायचा, कुठे किती फट ठेवायची, हे आकृत्यांसह दिलेलं आहे. विल आइस्नर हे पुढे गाजलेले चित्रकार तेव्हा सैन्यात होते. त्यांना तर शिपायांनी गाडीची निगा राखावी म्हणून चित्रकथा काढायचं काम दिलं होतं.

या पुस्तिकांत मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती मापांची कोष्टकं. नव्या सिलिंडरचं माप तर त्यांत आहेच. शिवाय झिजल्यावर तो किती मोठा करून घ्यायचा, तेही आहे. एक इंचाचे हजार भाग करा. असे वीस भाग वाढवले तर त्या मापाचा पिस्टन मिळतो. पुन्हा झिजला, तर तीसचा. मग चाळीसचा. क्रँकचं उलट. तो घासून बारीक करायचा आणि त्याला तेवढ्याच जाड बेअरिंगच्या वाट्या घालायच्या. पूर्वीच्या इंजिनांत बेअरिंगचा मऊ धातू वितळवून जागेवर ओतावा लागे आणि मग हाताने खरवडून बसवावा लागे. ते काम करणारा कसबी माणूस सगळीकडे मिळत नसे. जीपमध्ये तयार वाट्या होत्या. जुन्या काढायच्या, नव्या बसवायच्या. थोडक्यात, हे इंजिन झिजणार नाही, असं त्याच्या कर्त्यांनी कधी म्हटलं नाही. ते तीन-चार वेळा झिजेल, हे गृहीत धरून त्यांनी तेवढी जागा आधीच राखून ठेवली.

हे इंजिन आपल्याकडे आलं ते दोन वाटांनी. एक, युद्ध संपल्यावर लष्कराच्या निकाली मालात. दुसरी वाट मुंबईतून. युद्धकाळात कैलासचंद्र महिंद्र भारत सरकारच्या खरेदी मंडळाचे प्रमुख म्हणून अमेरिकेत होते. तिथे त्यांची बार्नी रूस यांच्याशी भेट झाली, असं कंपनीच्या इतिहासात सांगितलं जातं. १९४५ मध्ये जगदीशचंद्र आणि कैलासचंद्र हे महिंद्र बंधू आणि मलिक गुलाम मुहम्मद यांनी मुंबईत ‘महिंद्र अँड मुहम्मद’ ही कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम मुहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. इकडे १९४८ मध्ये कंपनीचं नाव ‘महिंद्र अँड महिंद्र’ झालं. १९४७ मध्ये पहिल्या ७५ जीप सुट्या भागांच्या रूपात आल्या, आणि लवकरच माझगावला जोडणीचं काम सुरू झालं. पाठोपाठ सुटे भाग इथेच बनू लागले.

अमेरिकेत १९५० मध्ये या इंजिनाची सुधारित आवृत्ती निघाली, तिचं नाव ‘हरिकेन’. जुन्या इंजिनात सगळे व्हॉल्व्ह ठोकळ्याच्या बाजूला असत आणि वरचं हेड म्हणजे जवळजवळ सपाट झाकण. हरिकेनमध्ये हवा आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये गेले, धूर सोडणारे खालीच राहिले. ताकद ७० अश्वशक्तीच्या पुढे गेली, पण इंजिन उंच झालं. म्हणून १९५३च्या ‘सीजे-थ्री-बी’ या जीपचं बॉनेट उंच उचलावं लागलं. आपल्याला ओळखीची असलेली उंच कपाळाची जीप ती हीच. अमेरिकेत १९६०च्या दशकात ती बंद झाली. जपानमध्ये मित्सुबिशीने जीप १९९८पर्यंत बनवली. आपल्याकडे तिचे वंशज त्याहूनही पुढे रस्त्यावर येत राहिले.

आपल्याकडे एक वेगळी गोष्ट घडली. सैन्याच्या त्या पाच पायऱ्या इथे एका अंगणात एकत्र आल्या. गाव तालुक्यापासून लांब, कंपनीचं वर्कशॉप जिल्ह्याच्या ठिकाणी, आणि गाडी बंद राहिली तर ऊस, द्राक्षं किंवा दूध अडकणार. तेव्हा गावचा मिस्त्री, मालक आणि घरातली दोन पोरं मिळून इंजिन उतरवत. लाकडाची तिपाई किंवा गोठ्याची भक्कम तुळई, तिला साखळी आणि कप्पी. खाली गोणपाट. रॉकेलचं घमेलं. पाने, पेचकस, हातोडी. सुट्या नटबोल्टांसाठी घरातल्या जुन्या वाट्या.

हे काम कसं चालतं, ते थोडं सांगतो. कारण इंजिनामागचा विचार त्यातच दिसतो. इंजिन कामाला आलंय हे आधी धुरावरून कळतं. निळसर धूर म्हणजे तेल जळतंय. तेल भरायच्या तोंडाशी हात धरला आणि खालून फुंकर लागली, तर रिंगा सैल पडल्यात. चढावर ओढ नाही, तेलाचा दाब उतरलेला. मग हेड उघडायचं. सिलिंडर सर्वांत जास्त झिजतो तो वरच्या बाजूला, जिथे पिस्टनची वरची रिंग उलटी फिरते. तिथे उष्णता सर्वांत जास्त, दाब सर्वांत जास्त आणि तेल सर्वांत कमी. त्याच्या वर, रिंग पोहोचत नाही तिथे, न झिजलेली एक कड शिल्लक राहते. नखाला ती लागते. ही कड आधी कापून काढावी लागते. घाईत पिस्टन तसाच वर ओढला, तर रिंगांच्या खाचा फुटतात.

यानंतर मोजमाप. चारही सिलिंडर वर, मध्ये आणि खाली, उभे-आडवे मोजायचे. हे आकडे वहीत लिहायचे. बोअर वाढवायचं आणि क्रँक घासायचं काम घरी होत नाही; त्यासाठी शहरातल्या लेथवाल्याकडे जावं लागतं. बाकी जवळजवळ सगळं घरी होतं. व्हॉल्व्हला लॅपिंगची पेस्ट लावून, काठीच्या टोकाच्या रबरी वाटीने तो दोन्ही तळव्यांत रवीसारखा घुसळायचा. बैठकीवर सलग राखाडी कडं उमटलं की झालं. खात्री करायची तर वरून रॉकेल ओतून पाहायचं. झिरपलं तर पुन्हा घुसळा. नवी रिंग सिलिंडरमध्ये सरळ सारून तिच्या तोंडाची फट फीलर गेजने पाहायची. फट राहिली नाही, तर तापल्यावर रिंगेची टोकं एकमेकांना भिडतात आणि सिलिंडर ओरबाडला जातो. बेअरिंगच्या टोप्यांना खुणा करायच्या आणि ज्याची त्यालाच लावायची. एकेक टोपी आवळल्यावर क्रँक हाताने फिरवून पाहायचा. कुठे जड गेला तर शेवटी घातलेल्या टोपीतच दोष आहे, हे लगेच कळतं. हेडचे नट मधून कडेकडे, दोन-तीन फेऱ्यांत आवळायचे. नाहीतर हेडला बाक येतो.

बांधणी झाली की ट्यूनिंग. इथेही क्रम महत्त्वाचा. आधी व्हॉल्व्हच्या फटी. हरिकेनमध्ये थंड इंजिनावर आत घेणाऱ्या व्हॉल्व्हला अठरा हजारांश इंच आणि धूर सोडणाऱ्याला सोळा. मग पॉइंटची फट वीस हजारांश. प्लगची तीस. ठिणगीचा क्रम एक-तीन-चार-दोन. ठिणगी पिस्टन वर पोहोचण्याच्या पाच अंश आधी पडायला हवी. त्यासाठीची खूण पाहून डिस्ट्रिब्युटर किंचित फिरवायचा. एवढं सगळं झाल्यावरच कार्बोरेटरच्या स्क्रूला हात लावायचा. पुष्कळ जण उलटं करतात. ठिणगीतला दोष पेट्रोल कमी-जास्त करून झाकू पाहतात, आणि महिन्याभरात इंजिन पुन्हा अडखळू लागतं. शेवटचा निवाडा प्लग देतो. थोडं फिरवून आणल्यावर प्लग काढून पाहायचा. काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरा फटक म्हणजे कमी, आणि फिक्या तपकिरी रंगाचा असेल तर बरोबर.

या इंजिनाचा दाबाचा अनुपातही त्याच्या दीर्घायुष्याला उपयोगी पडला. गो-डेव्हिलचा अनुपात ६.४८ ला १ होता. आजच्या पेट्रोल इंजिनांत तो १० किंवा त्याहून अधिक असतो. कमी दाबाचं इंजिन हलकं पेट्रोलही पचवतं. पण त्याचा गैरफायदाही घेतला गेला. पेट्रोलमध्ये रॉकेल मिसळून गाडी चालवणारे होते. ती चालायचीही. न जळलेलं रॉकेल मात्र रिंगांवरून खाली उतरून तेलात मिसळतं, तेल पातळ होतं आणि बेअरिंगं जातात. स्वस्तात चालवलेली गाडी मग तिपाईखाली लवकर येते.

१९७३च्या ऑक्टोबरात पश्चिम आशियात युद्ध झालं आणि काही महिन्यांत जगातल्या कच्च्या तेलाचा भाव जवळपास चौपट झाला. पेट्रोलवर चालणारी जीप परवडेनाशी झाली. पुढच्या काळात ट्रॅक्टरच्या वंशातलं डिझेल इंजिन जीपमध्ये आलं. १९७९ मध्ये कंपनीने फ्रान्सच्या प्यूजोकडून डिझेल इंजिनाचा परवाना घेतला. अनेक मालकांनी आपल्या जुन्या जीपमधलं पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवलं. भंगारात गेलेल्या त्या इंजिनांपैकी कितीतरी एका बोअरवर आणखी दहा-वीस वर्षं चालली असती. त्यांना दुरुस्तीने नाही, हिशेबाने हरवलं.

आज ही जुनी इंजिनं पुन्हा बांधणारे लोक आहेत. पुण्या-नाशिकच्या बंगल्यांच्या आवारात, कोल्हापूर-सांगलीकडच्या शेतघरांत हे उद्योग चालतात. कुणाला आजोबांची जीप चालू करायची असते, कुणाला डोंगरवाटांवर हिंडायचं असतं. पण त्यांच्यापुढचे प्रश्न त्यांच्या आजोबांपेक्षा वेगळे आहेत. २००० साली देशात शिसेयुक्त पेट्रोल बंद झालं. ते योग्यच झालं, कारण शिसं मुलांच्या मेंदूला घातक आहे. जुन्या इंजिनांत मात्र तेच शिसं व्हॉल्व्हच्या बैठकीला उशीसारखं काम करायचं. म्हणून आता बांधणीच्या वेळी कठीण धातूच्या बैठका घालून घ्याव्या लागतात. २०२५पर्यंत पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आलं. ज्या ऊसपट्ट्यात ही जीप आयुष्यभर राबली, त्याच उसाचा अर्क आता तिच्या टाकीत येतो. इथेनॉल पाणी शोषतं, जुनं रबर आणि बुचाची गॅस्केटं खराब करतं. त्यात प्राणवायूचा अंश असल्याने मिश्रण पातळ पडतं. म्हणून पंपाचा पडदा आणि नळ्या बदलायच्या, आणि कार्बोरेटरचा जेट थोडा मोठा करायचा. १९४४च्या पुस्तिकेत हे सापडणार नाही. पण मापून, बदलून, प्लग पाहून पुढे जायची पद्धत तिच्यातलीच आहे.

कायद्याचाही एक भाग आहे. गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं. इंजिनाचा क्रमांक नोंदणीपुस्तकात असतो. दुसरं इंजिन टाकायचं तर परवानगी आणि कागदपत्रं आलीच. मूळ ठोकळाच नीट करून पुन्हा बसवणाऱ्याला ती कटकट नसते. म्हणजे जुनंच राखणं ही आता भावनेबरोबर व्यवहाराचीही गोष्ट झाली आहे.

खरी टंचाई सुट्या भागांची नाही. ती आहे माप घेणाऱ्या हातांची. बोअर मापून, तो कुठे किती अंडाकार झालाय हे सांगणारे आणि तेवढंच कापून थांबणारे लेथवाले कमी होत चालले आहेत. नव्या गाड्यांत बिघाड संगणक सांगतो आणि अख्खा भाग बदलला जातो. त्या गाड्या अधिक सुरक्षित आहेत, कमी धूर सोडतात, हे मान्य केलंच पाहिजे. पण झिजेची जागा राखून ठेवायची आणि ती पुढच्या माणसाने थोडी-थोडी वापरायची, ही पद्धत त्यांच्याबरोबर मागे पडते आहे.

ती टिकवायची असेल, तर एक साधी सवय पुरते. ठोकळ्याला शेवटी चाळीस हजारांशाची सीमा असते. त्यापुढे नवं लायनर घालावं लागतं. आज तुम्ही वीसचं माप करवून घेतलंत, तर दोन बांधण्या अजून शिल्लक आहेत. हे पुढच्या माणसाला कळायला हवं. तेव्हा कधी इंजिन बांधलंत, तर तारीख, बोअरचं माप आणि बेअरिंगचं माप एका पत्र्याच्या पट्टीवर कोरा आणि ती पट्टी बॉनेटच्या आतल्या बाजूला लावून ठेवा. पुढे तुमचा मुलगा असो, नातू असो, किंवा गाडी विकत घेतलेला कुणी अनोळखी माणूस असो; त्याने इंजिन खोलण्याआधीच अर्धं काम झालेलं असेल.